‘बूम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका कथेचं भाषांतर करते आहे. दूरवर तोफ उडते, तिथे इंग्रजीत ‘बूम’ आहे. ‘मोठा आवाज’ फार फिका वाटतो. ‘धाडकन’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ‘धाडकन’ नको. धाडकन दार आपटतं आणि आवाज तिथेच संपतो. ते ‘बँग’चं काम. बूम खोल असतो, मागे रेंगाळतो. शब्दच आवाजाच्या नकलेतून आलाय. म्हणून पाहा, ओठ मिटल्यावरही शेवटचा ‘म्’ हवा तेवढा लांबवता येतो. आपल्या ‘ढुम्म’मध्येही तेच होतं.

इंग्रजी नामाला मराठी नामच शोधायचा हट्ट मात्र सोडा. आवाजांच्या बाबतीत मराठीची श्रीमंती क्रियापदांत आहे : कडाडणे, धडाडणे, गडगडणे, दणाणणे, घुमणे. तोफ जवळ असती तर ‘तोफ धडाडली’ म्हटलं असतं. इथे ती दूर आहे. हवेतून जाताना उंच पट्टीचे स्वर लवकर विरतात आणि खर्जातले लांबवर पोचतात. जवळची वीज कडाडते, लांबची गडगडते, त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्या भाषेने हा फरक कानानेच टिपून ठेवलाय, याचा मला फार आनंद वाटतो. तेव्हा ‘दूरवर तोफेचा आवाज घुमला’ असं लिहा. माणसाच्या ‘बूमिंग’ आवाजालाही ‘घुमणारा’ हेच विशेषण शोभेल.

प्रश्न : आणि ‘सॉनिक बूम’? ‘ध्वनिस्फोट’ वाचलंय.

उत्तर : मला ते पटत नाही, कारण तिथे कशाचाही स्फोट होत नाही. २० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. विमान त्याहून वेगाने गेलं की हवेत आघात तरंग, म्हणजे दाबाच्या एकदम उसळणाऱ्या लाटा, तयार होतात आणि ते जमिनीवर पोचले की आपल्याला दणका ऐकू येतो. बऱ्याचदा एकापाठोपाठ दोन, कारण एक तरंग विमानाच्या नाकापासून येतो, दुसरा शेपटीपासून. हे फक्त ध्वनीचा वेग ओलांडतानाच घडतं असा समज आहे, तो चुकीचा. विमान त्या वेगात असेपर्यंत दणका त्याच्या वाटेखालच्या प्रत्येक गावाला आपापल्या वेळी ऐकू येतो. मी ‘ध्वनिदणका’ लिहीन.

बाजारातल्या बूमला ‘तेजी’ आहेच. धंद्याच्या बूमला ‘भरभराट’, आणि हा शब्द गडगडाट, दणदणाट यांच्याच साच्यातला, हे मला आत्ता लिहितानाच जाणवलं.

क्रेनचा, शिडाचा किंवा माइकचा बूम मात्र यात ओढू नका. तो डच भाषेतून आला. तिथे ‘बूम’ म्हणजे झाड. जर्मन ‘बाउम’ आणि इंग्रजी ‘बीम’ त्याचेच भाऊबंद. त्याला दांडा किंवा आडवा वासा म्हणावं. बूमरँगचाही दोघांशी संबंध नाही, तो ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द.