मदत हवी आहे : कृष्णेच्या पाण्याचा ग्राह्य नमुना कसा मिळवावा?

आमचे गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी आहे. उन्हाळ्यात धार बारीक झाली की वरच्या ओढ्यातून काळपट, मळीच्या वासाचे पाणी नदीत उतरते, पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात आणि आमच्या नळयोजनेची जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) त्याच डोहात आहे. यंदाही काठाला मेलेल्या माशांचा खच पडला. तक्रार लगेच नोंदवली, पण अधिकारी पाहणीला येईपर्यंत धरणातून आवर्तन सुटून पाणी नितळ झाले होते. (हा योगायोग दरवर्षी कसा जुळतो, कोण जाणे!)

१९७४च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना अधिकाऱ्याने विहित पद्धतीने घेतला तरच तो न्यायालयात ग्राह्य ठरतो, त्यामुळे आम्ही बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्याला कितपत वजन मिळेल, ही शंका आहे. ग्रामसेवक आणि आरोग्यसेविका यांच्यासमक्ष पंचनामा करून तेच पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिल्यास उपयोग होतो का? पुण्यातील हरित लवादाकडे हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खाली जाण्यास सहा महिन्यांची मुदत असल्याने वेळ थोडा आहे. सांगली-साताऱ्यात कोणी वकिलाविना असा अर्ज चालवला असल्यास कृपया मसुदा दाखवावा.