आण्णांचं कॅसेटचं दुकान बंद करावं का? (कोल्हापूर)

महाद्वार_बोळ
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचून घ्या. महाद्वार रोडच्या आतल्या बोळात आमच्या आण्णांचं कॅसेटचं दुकान आहे, १९८६ पासून, दहा बाय बारा. गणपतीच्या आधी आठ दिवस आम्ही भावंडं शाळा बुडवून काउंटरला उभी असायचो, चैत्रात जोतिबाच्या यात्रेची माणसं खाली देवीच्या दर्शनाला आली की जोतिबाची गाणी गठ्ठ्यानं न्यायची. आण्णा कोरी कॅसेट भरूनही द्यायचे, गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी आणायचं, तिसऱ्या दिवशी न्यायचं. मग एमपीथ्री आलं, एका सीडीत दीडशे गाणी, तिथंच गणित मोडलं. मधली काही वर्षं मेमरी कार्ड भरून देण्यावर निघाली, २०१६ ला नेट स्वस्त झालं आणि तेही संपलं.

आता आण्णा ७४ चे. रोज साडेदहाला शटर उघडतात, उदबत्ती लावतात, दिवसाला दोन-तीन गिऱ्हाईकं. भाऊ म्हणतो मोबाईल कव्हरवाल्याला गाळा भाड्यानं देऊया, आणि तो चुकीचं बोलत नाही. पण माल साडेतीन हजार कॅसेटी आणि दोनशे रेकॉर्ड, त्यात निम्म्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या. भंगारवाला किलोवर मागतोय. असं दुकान आज चालतं का? आण्णांना विचारलं तर "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणतात आणि उठून कॅसेटी पुसायला लागतात.

तांबडापांढरा
भावा भंगारला देऊ नको, हात जोडतो. बहुतेक तुझ्याच आण्णांकडं मी बारावीत असताना एक गाणं नुसतं गुणगुणून दाखवलं हुतं, शब्द एकबी म्हाईत न्हवता, त्यांनी मागं न बघता हात घालून कॅसेट काढली, बी साईड, तिसरं गाणं. ते आजबी तसं काढून देत असतील तर लोकं येतील की. मी रविवारी लक्ष्मीपुरीत बाजाराला येतो, तवा येऊन जातो, दुकान उघडं असतंय का तेवढं सांग.

राजारामपुरी_ते_बर्मिंगहॅम
मी १४ वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथली एचएमव्ही ही रेकॉर्ड-सीडीच्या दुकानांची साखळी २०१३ मध्ये आणि परत २०१८ च्या शेवटी दिवाळखोरीत गेली, सगळ्यांनी पाणी सोडलं होतं. कॅनडातल्या रेकॉर्ड दुकानांच्या मालकानं ती घेतली आणि २०२३ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं दुकान परत उघडलं. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्ड सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, साधारण ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी, १९८७ नंतर पहिल्यांदा. घेणारी पोरं विशी-पंचविशीतली आहेत, गाणं फोनवर ऐकतात आणि रेकॉर्ड जवळ असावी म्हणून घेतात. त्यामुळं रेकॉर्ड तरी अजिबात विकू नका, एकेक बघून किंमत करा.

फीत_आणि_सुई
दादा, तिकडचे आकडे खरे असतील पण त्यावर कोल्हापुरात गाळा चालत नाही हो. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान होतं, १९४८ पासूनचं, ते २०१६ ला बंद झालं, तिथं तर गिऱ्हाईक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. मी इचलकरंजीत असंच दुकान चालवतो म्हणून सांगतो, नुसती विक्री धरली तर वीजबिलही निघत नाही. माझं चालतं ते दुरुस्तीवर, कॅसेट डेकचे बेल्ट, रेकॉर्ड प्लेअरच्या सुया, आणि सगळ्यात जास्त घरच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घेऊन देण्यावर. कुणाच्या आजीच्या ओव्या असतात, कुणाचं लग्न, कुणाच्या वडलांचं भजन. कॅसेटमागं दोनशे घेतो, एकही माणूस घासाघीस करत नाही, उलट ऐकताना माझ्यासमोर रडतात. पावसाळ्यात तर कपाटं उघडली की लोकांना बुरशी दिसते मग धावत येतात.

तुमच्या मालाबद्दल, बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, फीत वाचणाऱ्या हेडला लागून पुढच्या सगळ्यांना जाते. फीत काढून दुसऱ्या खोक्यात बसवायची, हलक्या हातानं पुसायची, एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर घ्यायची. १२० मिनिटांची फीत फार पातळ असते, ती पळवायची नाही. आणि ७८ च्या तबकड्या स्पिरिटनं पुसू नका, लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीची, म्हणजे नंतरच्या मोठ्या रेकॉर्डची सुई पण चालत नाही, ७८ चे चर रुंद, सुई जाड लागते.

भूप_सकाळचा
मला वाटतं आधी मालाची वाटणी करा. सिनेमाच्या कॅसेटी सगळीकडे मिळतात, त्या जाऊ देत. पण गावोगावच्या भजनी मंडळांनी स्वतःच्या पैशानं काढलेल्या, इथल्या शाहिरांच्या, यात्रेपुरत्या छापलेल्या, ज्यांच्या हजारभर प्रती निघाल्या आणि संपल्या, त्या फोनवर शोधून बघा, बहुतेक सापडणार नाहीत. गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं होते, जयपूर घराणं इथं वाढलं, आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजाची एक तबकडी नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाई यांच्या तीन-तीन मिनिटांच्या ७८ वरून आपण अंदाज बांधत बसतो. हे एकदाच घडलं तरी पुष्कळ झालं.

आपल्याकडं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, त्यामुळं तुमच्या बऱ्याच ७८ ध्वनिमुद्रणापुरत्या मोकळ्या असतील, पण गीत-संगीताचा हक्क वेगळा असतो, तो बघून मगच नेटवर टाका. मंडळांच्या कॅसेटींसाठी मात्र त्यांना जाऊन विचारा, माणसं अजून असतील. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेतही एकदा बोलून बघा.

आणि एक, आण्णांना शेजारी बसवून एकेक कॅसेट हातात देऊन बोलतं करा, कुणी आणली, कुठल्या गावची, किती खपली. ते फक्त त्यांनाच माहीत आहे.

महाद्वार_बोळ
सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला हे सगळं वाचून दाखवलं, तो गप्प बसून ऐकत होता. ठरलंय असं, पुढचा निम्मा गाळा कव्हरवाल्याला, मागचा निम्मा आण्णांचा, तिथं एक डेक आणि माझा जुना कॉम्प्युटर. इचलकरंजीवाले दादा, बेल्ट तुमच्याकडूनच घेणार, शनिवारी येऊ का?

आज सकाळी पहिली कॅसेट आण्णांच्या हातात दिली, पन्हाळ्याकडच्या एका भजनी मंडळाची. कव्हरवरचा फोटो बघून म्हणाले, "ह्यातला पेटीवाला माझ्याकडं उधारी ठेवून गेला, पण पेटी काय वाजवायचा!" आणि मग तासभर थांबलेच नाहीत, मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलंय.

तांबडापांढरा भावा, रविवारी दुकान उघडं असतंय, ये.