मदत हवी आहे: पर्गामोनच्या बालेकिल्ल्यावर पंपाशिवाय पाणी कसं चढलं?

प्रश्न: विज्ञान प्रदर्शनासाठी पर्गामोनच्या (आजचं बर्गामा, तुर्कस्तान) जलवाहिनीचं चालतं मॉडेल करायचं आहे. शहर डोंगरावर, मध्ये खोल दरी. फलकावर 'रोमन जलवाहिनी' लिहिलं तर चालेल का? नळी, उंची, मापं काय घ्यावीत?

उत्तर १: 'रोमन' लिहू नका. हे काम राजा युमेनीस दुसरा (इ.स.पू. १९७–१५९) याच्या काळातलं मानतात. पर्गामोनचा शेवटचा राजा तिसरा अॅटॅलस याने मृत्युपत्राने राज्य रोमला दिलं ते इ.स.पू. १३३ मध्ये, आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या अॅरिस्टोनिकसचं बंड मोडून रोमचा 'आशिया' प्रांत उभा राहिला तो त्यानंतर. रोमनांनी पुढे कमानींवरचे पाट आणले, ते वेगळे.

मद्रादाग डोंगरातून ४० किमीहून लांब अशा तीन समांतर मातीच्या नळांतून पाणी उताराने येई. शेवटचे सुमारे ३ किमी मात्र बंद, दाबाची नळी होती. ही नळी जिथून सुरू होई तो हौद समुद्रसपाटीपासून सुमारे ३७५ मीटरवर, दरीचा तळ १७५ च्या आसपास, बालेकिल्ला ३३० च्या आसपास. तळाशी २०० मीटर पाण्याचा दाब, म्हणजे चौरस सेंटीमीटरला २० किलो. मातीचा नळ तिथे टिकणार नाही. नळी सापडलेली नाही, पण ती धरून ठेवणारे भोकाचे दगड सापडले आणि भोवतालच्या मातीत शिसं जास्त आढळलं. त्यावरून ती शिशाची असावी.

दगड कशाला, तर १८ सेंमी व्यासाची नळी धरली तर तिच्या बंद तोंडावर साधारण ५ टन रेटा येतो. वळणावर आधार नसेल तर सांधा उखडणारच.

उत्तर २: मॉडेलला १:१०० उंची घ्या. बादलीतल्या पाण्याची पातळी तळापासून २ मीटर, बाहेरचं तोंड १.५५ मीटर. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी उत्तम.

नळी सावकाश भरा. मध्ये उंचवटा ठेवलात तर तिथे हवा अडकून धार थांबते; नळी हलवून बुडबुडे काढा. बादलीत नळीचं तोंड तळापासून ५ सेंमी वर ठेवा, गाळ आत जाणार नाही. मूळ हौदही गाळ बसण्यासाठी होता.

प्रश्नकर्ता: हा सायफनच ना?

उत्तर १: 'उलटा सायफन' म्हणतात, पण इथे नेहमीच्या सायफनसारखी पाणी वर खेचणारी ओढ नाही. नळी कुठेच हौदाच्या वर जात नाही. ४५ मीटरच्या फरकानेच पाणी वाहतं. बाहेरचं तोंड बादलीतल्या पातळीच्या वर नेऊन दाखवा, धार लगेच बंद होईल.