जिनोमिक्स शिकायचंय, सुरुवात कुठनं करू?

साथरोग_सोलापूर: मी इथं सोलापुरात आरोग्य विभागात आहे, नमुने सिक्वेन्सिंगला (विषाणूचा जिनोम, म्हणजे त्याचा पूर्ण जनुकीय क्रम वाचायला) पाठवते, रिपोर्ट येतो पण त्यातलं क्लेड (विषाणूची शाखा), म्युटेशन (जनुकीय बदल), ती नाती दाखवणारी झाडासारखी आकृती कुणी शिकवलीच नाही. कोडिंग येत नाही. आषाढीला पंढरपुरात एवढी गर्दी होते, निदान तेव्हा तरी आपल्याला वाचता यायला पाहिजे ना?

पेशीवाला: ताई कोडिंगला घाबरू नका. आधी नेक्स्टक्लेड उघडा, ब्राउझरमध्येच चालतं, सिक्वेन्सची फाइल टाकली की कोरोनाच्या साधारण ३०,००० जनुकीय अक्षरांत वुहानच्या सुरुवातीच्या जिनोमपेक्षा काय बदललंय ते दिसतं आणि डेटा कॉम्प्युटरबाहेर जात नाही, मी त्यावरच शिकलो. मग गॅलेक्सी (कोडिंगशिवाय जिनोमचा डेटा तपासायची वेबसाइट), तेपण फुकट. लिनक्स नंतर.

जिनोम_आणि_चहा: टूल येईल हो, पण दोन नमुने सारखे निघाले म्हणून याच्याकडनं त्याला लागण झाली असं लगेच धरू नका, मधल्या पेशंटची टेस्टच झाली नसेल तर? ताप कधी आला, कुठं गेला होता हे तुम्हालाच माहीत असतं, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना नाही. म्हणून तुम्ही शिकणं लई गरजेचं आहे.

साथरोग_सोलापूर: हे पटलं. शनिवारी जुळे सोलापुरात कुणी सोबत बसणार का? लॅपटॉप आणते.