चर्चा : आयएनएस दिल्ली भंगारात जायला नको होती

खाडीकाठ :
३० जून १९७८ ला मुंबईत आयएनएस दिल्लीवरचा झेंडा उतरला आणि पुढे ती भंगारात गेली. माझे वडील तिच्या बॉयलर रूममध्ये होते. घरी तिचा एक कृष्णधवल फोटो आहे, बस. ही क्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका, जपायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

१९३२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडला ती पाण्यात उतरली तेव्हा तिचं नाव होतं अकिलीज. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हर प्लेट नदीच्या मुखाजवळ अकिलीज, एजॅक्स आणि एक्झिटर या तिघींनी ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेला गाठलं. ग्राफ श्पेच्या तोफा अकरा इंची, अकिलीजच्या सहा इंची. तरीही चार दिवसांनी जर्मन कप्तानाला आपली नौका माँटेव्हिडिओबाहेर स्वतःच्या हातानं बुडवावी लागली. त्या लढाईत अकिलीजचे कॅप्टन होते पॅरी. १९४८ मध्ये तेच भारतीय नौदलाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी त्यांचं जुनं जहाजही 'दिल्ली' होऊन आपल्याकडे आलं. अशी नौका तोडायची?

बंदररोड :
तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी गंज त्याला सोडत नाही. विक्रांतचं काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. १९९७ ला निवृत्त, मग मुंबईत संग्रहालय, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद, आणि २०१४ मध्ये मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या जागी तोडकाम. स्वतः बांधून न घेतलेल्या, ४५ वर्षांच्या क्रूझरवर १९७८ मध्ये कोणी पैसा ओतला असता? तेव्हा नौदलाला नव्या नौका हव्या होत्या.

आणि तेव्हा अकिलीजवरचे बरेचसे खलाशी न्यूझीलंडचे, म्हणून रिव्हर प्लेटची आठवणही त्यांची. अकिलीजवरची चार माणसं त्यात गेली. तिचा एक तोफमनोरा (तोफा बसवलेला फिरता मनोरा) न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळापाशी आहे. तो तिथेच शोभतो.

खाडीकाठ :
मनोरा त्यांना दिला हे चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिशोब करा. १९३३ ला सेवेत आल्यापासून १९४८ पर्यंत, पंधरा वर्षं ती अकिलीज होती. दिल्ली म्हणून ती तीस वर्षं राहिली, म्हणजे बरोबर दुप्पट. १९५० मध्ये नेहरू तिच्यावरून इंडोनेशियाला गेले. डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या किल्ल्यावर तिच्या तोफा चालल्या. ती परक्यांची कशी?

पैशाचं म्हणाल तर लंडनची बेलफास्ट बघा. तीही महायुद्धातली क्रूझर. १९७१ पासून ती थेम्समध्ये लोकांसाठी खुली आहे. आधी एका ट्रस्टने सांभाळली, १९७८ मध्ये इम्पिरियल वॉर म्युझियमने घेतली. म्हणजे ज्या वर्षी आपण सोडली, त्याच वर्षी त्यांनी धरली.

डोलकाठी :
मी बंदररोड यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. तुम्ही नेमकी कोणती नौका जपणार होता? जानेवारी १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी बॉम्ब पडून तिचा मागचा एक मनोरा निकामी झाला. दुरुस्तीत तो काढूनच टाकला. आपल्याकडे ती आठऐवजी सहा मोठ्या तोफा घेऊन आली, नंतर शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी वापरली गेली. रिव्हर प्लेटची अकिलीज १९७८ मध्ये उरलीच नव्हती. त्यापेक्षा तिच्यावर राबलेल्यांच्या आठवणी लिहून घेतल्या असत्या तर जास्त टिकलं असतं. तुमचे वडील दीवला होते का?

खाडीकाठ :
होते. वरचं काहीच दिसलं नाही त्यांना. तोफ सुटली की पायाखालची लोखंडी जाळी थरथरायची, त्यावरून मोजायचो, असं सांगायचे. तुम्ही म्हणता तसं मी ते वहीत उतरवून ठेवलंय. पण मनोरा गेला म्हणून नौका बदलली हे मला मान्य नाही, कारण ती जाळी तीच होती. मला त्या जाळीवर एकदा उभं राहायचं होतं.