एसपीआय + डीएमए: शेवटचा बाइट जायच्या आधीच सीएसएन (चिप निवडायची लाइन) वर जातेय, मदत हवी

मंडळी, विहिरीवरच्या मोटरसाठी नोड बनवतोय. एसटीएम३२एफ१०३ (मायक्रोकंट्रोलर) ला एनआरएफ२४एल०१ प्लस (रेडिओ चिप) जोडलंय, एसपीआय१ (चिपांमधली सिरीयल बस), मोड ०, क्लॉक ७२ भागिले ८ म्हणजे ९ मेगाहर्ट्झ, चिपला १० पर्यंत चालतं. पॅकेट ३२ बाइटचं, त्यात तिन्ही फेजचे व्होल्टेज, पाण्याची पातळी, मोटर चालू का बंद, आणि शेवटी चेकसम (डेटात चूक झाली का ते पकडणारा बाइट). डायनॅमिक पेलोड (पॅकेटची लांबी बदलती ठेवायची सोय) ऑन आहे.

भानगड अशी की घरच्या रिसीव्हरवर लांबी ३२ ऐवजी ३१ येते, चेकसमच नाही म्हटल्यावर पॅकेट टाकून द्यावं लागतं. पोलिंगने (कोडमधून वाट बघत) एकेक बाइट पाठवला की सगळं व्यवस्थित, डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून बाइट पाठवणारं हार्डवेअर) लावला की ३१. एकदोघांनी सांगितलं वायर लांब असेल, स्पीड कमी कर, म्हणून प्रीस्केलर (क्लॉकचा भागाकार) ६४ केला, १.१२५ मेगाहर्ट्झ, तर लांबी ३० वर आली! हळू केल्यावर उलट जास्त बिघडतंय म्हणजे वायरचा किंवा सप्लायचा दोष नाही. (कपॅसिटर लावलेला आहे, तो कृपया सुचवू नका.)

लॉजिक अ‍ॅनालायझरवर स्पष्ट दिसतं, सीएसएन वर गेली तरी एससीके (एसपीआयचा क्लॉक) चालूच, स्लो क्लॉकला तर जवळजवळ दोन बाइटचे पल्स मागे राहतात. डीएमएचा ट्रान्स्फर कम्प्लीट इंटरप्ट शेवटचा बाइट डेटा रजिस्टरमध्ये पडला की लगेच येतो, तेव्हा त्याच्या आधीचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडत असतो, आणि मी त्याच इंटरप्टमध्ये सीएसएन वर करतोय.

टीएक्सई (डेटा रजिस्टर रिकामं) १ आणि मग बीएसवाय (एसपीआय कामात) ० होईपर्यंत थांबलं की ३२ येतात, हे करून बघितलं. पण इंटरप्टमध्ये असा लूप ठेवणं पटत नाही, कारण हाच कोड घरच्या बोर्डावर जाणारे आणि तिथे त्याच बसवर डब्ल्यू५५०० (इथरनेट चिप) पण आहे. दुसरी चांगली पद्धत आहे का? आणि सीईचा (रेडिओला पॅकेट पाठवायला लावणारी पिन) पल्स नेमका कधी द्यायचा? रात्रीची लाइट असली की चुलते बॅटरी घेऊन मोटर बघायला जातात, रान सापांचं आहे, म्हणून हे भरवशाचं व्हायलाच पाहिजे.

---

उत्तर:

टीएक्स (पाठवायच्या) चॅनेलचा इंटरप्ट बंदच करा. सोबत आरएक्सचा (घ्यायचा) डीएमए लावा, एसपीआय१ ला तो डीएमए१ चा चॅनेल २, आणि त्याच्या कम्प्लीट इंटरप्टवर सीएसएन वर करा. शेवटचा बाइट आत आला याचा अर्थ शेवटचा क्लॉक होऊन गेला, मग लूप लागतच नाही. आलेला डेटा नको असेल तर मेमरी इन्क्रिमेंट बंद ठेवून एकाच डमी बाइटवर टाकत राहा. आरएक्सची प्रायॉरिटी टीएक्सपेक्षा वर ठेवा, आणि आधी आरएक्स चालू करून मग टीएक्स.

सीई सीएसएन वर गेल्यानंतरच, किमान १० मायक्रोसेकंद. त्यानंतर १३० मायक्रोसेकंद चिप स्वतःच सेटल होते, तुम्ही काही थांबायचं नाही, आयआरक्यू (चिपची इंटरप्ट) पिनची वाट बघायची. मॅक्सआरटी फ्लॅग (पुन्हा पाठवायचे सगळे प्रयत्न संपले) आला तर स्टेटस रजिस्टरमध्ये १ लिहून तो क्लिअर करा, नाहीतर पुढचं पॅकेट जाणारच नाही.

घरच्या बोर्डावर मात्र एनआरएफच्या आयआरक्यूमध्ये थेट एसपीआय वाचू नका, डब्ल्यू५५०० चं ट्रान्स्फर अर्ध्यात असेल तर दोन्ही चिप एकदम मिसोवर (चिपकडून डेटा येणारी सामाईक लाइन) येतील. तिथे फक्त फ्लॅग सेट करा, बस मोकळी झाली की वाचा.