स्टार्चला एकच जनुक पुरत नाही
'स्टार्चचं एक जनुक असतं, ते चालू झालं की दाणा भरतो' असं म्हटलं जातं, पण ते फारच सोपं झालं. चेस्टनट हे कवचाचं फळच घ्या. बदाम-अक्रोडात तेल साठतं, याच्या सुक्या गरात मात्र साधारण निम्मा किंवा जास्तच स्टार्च. पानांकडून आलेल्या साखरेपासून एक विकर (एन्झाइम) एडीपी-ग्लुकोज हा स्टार्चचा कच्चा माल बनवतं, दुसरं त्यातून अमायलोजच्या सरळ साखळ्या ओवतं, तिसरं फांद्या फोडतं तेव्हा कुठे अमायलोपेक्टिन होतं; या दोन्हींचा मिळून स्टार्च. प्रत्येकाची जनुकं वेगळी.

यातलं एक जनुक बिघडलं तर काय होतं, ते आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्यात दिसतं. फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा उपरा डीएनए घुसलाय, हे १९९० साली कळलं. स्टार्च कमी, साखर जास्त. म्हणून कोवळा दाणा पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. (खायला गोड तोच!)